पेण युनिटमध्ये एकही डिफेक्ट ओपन नाही

४ ऑक्टोबर १९९९, सोमवार

आजपासून रोजनिशी. आधी इंग्रजीत लिहिणार होतो, पण कुणाला दाखवायची नाही, मग मराठी चालेल.

संकल्प: रोज सकाळी कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत चालणे. खानावळ बंद, घरी स्वयंपाक. आणि वर्षअखेरीस नम्रता आणि किमयाला पेणहून परत आणणे.

तिसरा सर्वांत सोपा. बायको भांडून गेलेली नाही. जूनमध्ये गेली, पेणची शाळा किमयाला चांगली म्हणून आणि सासूबाईंच्या गणपतीच्या कारखान्यात सीझनला माणूस कमी होतं म्हणून. आता विसर्जन होऊन गेलं, तरी ती तिकडेच. म्हणते, माघी गणपतीच्या ऑर्डरी आहेत. असतील. धंदा आहे.

किमया तिसरीत आहे. की चौथीत. विचारून घेतो.

५ ऑक्टोबर

चाललो नाही. पुलापाशी कुत्री आहेत म्हणे.

भात करपला. खानावळीत गेलो. तिथला भातही काही फार बरा नव्हता, त्यामुळे समाधान वाटलं.

७ ऑक्टोबर, गुरुवार

महत्त्वाचा दिवस. मुंबईच्या हेड ऑफिसनं टेस्ट मॅनेजमेंट पॅकेज पाठवलं. साल २००० उजाडल्यावर आपल्या रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीतलं पगाराचं, हजेरीचं आणि स्टोअरचं सॉफ्टवेअर चालेल की बसेल, हे आधीच तपासायचं. जी चूक सापडेल ती पॅकेजमध्ये नोंदवायची. प्रत्येक डिफेक्टला नंबर, तारीख, युनिटचं नाव, कुणी काढला, वर्णन, स्टेटस आणि शेरा. मग फिल्टर लावला की हवे ते डिफेक्ट स्क्रीनवर, नको ते गायब.

हे माझ्यासाठीच बनवलं आहे असं वाटलं. तासभर नुसते फिल्टर लावून बघत बसलो. आत अजून एकही डिफेक्ट नव्हता, तरी मजा आली.

कॉम्प्युटर विभागाचा इनचार्ज मी. विभागात मी आणि तस्नीम. तस्नीम ही आमची ऑपरेटर. रोह्याचीच, हुशार आहे, पण प्रश्न फार विचारते.

८ ऑक्टोबर

सर्क्युलर काढलं. एक: टेस्टिंग करताना तस्नीमनं आपल्या मशीनचं घड्याळ पुढे नेऊन जानेवारी २००० वर ठेवायचं, म्हणजे खरी परीक्षा होईल. डिफेक्ट सापडला की तिथल्या तिथेच, त्याच मशीनवर नोंदवायचा. दोन: रिपोर्ट माझ्याच मशीनवर, माझ्याच हातून निघेल. फिल्टर मी कायमचा बसवून टाकला आहे: तारीख ०१/०४/९९ पासून पुढे. आर्थिक वर्ष. ऑडिटवाले खूश होतात.

तस्नीमनं विचारलं, सर, पॅकेजमध्ये साल दोनच आकड्यांत पडतंय, चालंल ना? मी म्हणालो, हेड ऑफिसनं पाठवलेलं पॅकेज आहे. ती म्हणाली, बरं.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

नासिरभाईच्या एसटीडी बूथवरून पेणला फोन. बूथवर बायकांची रांग, सगळ्यांचे नवरे कुवेत नाहीतर मस्कतला. माझी बायको पंचेचाळीस किलोमीटरवर, तरी मी पण रांगेत. नासिरभाई मला आधी सोडतो. म्हणतो, साहेब, तुमचा कॉल छोटा असतो.

नम्रता म्हणाली, तुम्ही फोनवर माझं ऐकत नाय. मी म्हणालो, ऐकतोय. ती म्हणाली, मी आता काय सांगत होते? कनेक्शन खराब होतं हे मी तिला समजावून सांगितलं. बूथबाहेर आल्यावर नासिरभाई म्हणाला, लाइन तर आज एकदम साफ हाय.

परत येताना विचार केला. नम्रताच्या तक्रारी आहेत हे मी मान्य करतो. पण त्या तोंडी आहेत, विस्कळीत आहेत, एकच तक्रार चार वेळा येते. यावर कुणी कधी पद्धतशीर काम केलेलं नाही.

१३ ऑक्टोबर

सुचलं!

ऑफिस सुटल्यावर पॅकेज उघडलं. युनिटचा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून टाकलं: पेण. डिफेक्ट नंबर एक: फोनवर ऐकत नाहीत. काढणार: नम्रता. जबाबदारी: मी. (मोठेपणा घेतला.) तपासून पाहिलं. स्टेटस: क्लोज्ड. शेरा: रिप्रोड्यूस होत नाही, म्हणजे पुन्हा करून पाहिलं तरी घडत नाही; पूर्ण कॉल ऐकला.

जुन्या जेवढ्या आठवल्या तेवढ्याही घातल्या. किमयाला ताप होता तेव्हा आला नाहीत: क्लोज्ड, ताप उतरला आहे. कधी चूक कबूल करत नाहीत: नॉट अ डिफेक्ट, डिझाईनच तसं आहे. घरात असून नसल्यासारखे असता: अधिक माहिती हवी.

हलकं वाटलं. पहिल्यांदाच कुणीतरी या बाईच्या तक्रारींकडे लक्ष दिलं.

१८ ऑक्टोबर

घरात असून नसल्यासारखे, यावर अधिक माहिती आली नाही. क्लोज केलं.

चालणं दिवाळीनंतर. थंडीत चाललेलं अंगाला लागतं.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

काल धावीर महाराजांची पालखी होती. सगळं रोहा रस्त्यावर, ऑफिसात कुणी नाही. मी मुद्दाम गेलो. सुट्टीच्या दिवशी मशीन फास्ट चालतं.

आज घरमालकीण काशीबाईनं जिन्यात अडवलं. म्हणाली, पालखी आपल्या आळीत आली होती, घरटी दारात रांगोळ्या, आरत्या, तुमच्याच दाराला कुलूप. भोई जरा थांबले आणि पुढे गेले. नम्रता असती तर असं झालं नसतं गो बाई, असं ती स्वतःशीच बोलत वर गेली.

मी तिला सांगणार होतो की महत्त्वाचं काम होतं. जिन्यात दिवा नाही, ती दिसेनाशी झाली. खोलीत येऊन दार उघडं ठेवून बसलो जरा वेळ. कशासाठी ते माहीत नाही.

३० ऑक्टोबर, शनिवार

पहिला मासिक रिपोर्ट. फिल्टर लावला, प्रिंट दिला. पहिल्या पानावर वर, ठळक: ओपन डिफेक्ट, निल. मी पुढची पानं बघितलीही नाहीत. निल म्हटल्यावर बघायचं काय. पाकीट चिकटवलं, कुरियरनं मुंबईला.

तस्नीम महिनाभर ठकठक करत बसली होती आणि रोह्याचा एकही डिफेक्ट ओपन नाही. याचे दोन अर्थ. एक, आपलं सॉफ्टवेअर उत्तम आहे. दोन, तस्नीम टाइमपास करते. दोन्ही खरे असावेत.

१ नोव्हेंबर

तस्नीमला मेमो दिला. ती म्हणाली, सर, मी रोज एंट्री टाकते हो, पगाराच्या प्रोग्रॅमात तर लोकांचं वय मायनसमध्ये जातंय, तुम्ही माझ्या मशीनवर येऊन बघा. मी म्हणालो, बघायचं असेल तर रिपोर्ट आहे, रिपोर्टमध्ये नाही म्हणजे नाही. तिनं मेमोवर सही केली. पेन माझंच वापरलं आणि परत दिलं नाही.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी. ठरलं: पाडव्याला पेण. सकाळची एसटी, नागोठणे, वडखळ, दहाला दारात. नम्रता ओवाळेल, ताटात साडी ठेवायची. त्याच संध्याकाळी विषय काढायचा. साडी घेतली, मोरपंखी. दुकानदार म्हणाला, वहिनींचा रंग कसा आहे? मी म्हणालो, चांगला आहे.

पेण युनिटचे फिल्टर पुन्हा तपासले. ओपन: निल. चर्चेला भक्कम पाया आहे.

११ नोव्हेंबर, गुरुवार

पाडव्याला जाणं झालं नाही. सकाळी निघणारच होतो, मग वाटलं सणाच्या दिवशी एसटीला गर्दी, तिथे पाहुणे, विषय नीट काढता यायचा नाही. शिवाय डोकं जरा दुखत होतं. दुपारी डोकं राहिलं, पण तोपर्यंत दुपार झाली होती.

संध्याकाळी काशीबाईनं फराळाची ताटली दिली. करंज्या मऊ पडल्या होत्या. सगळ्या खाल्ल्या.

रात्री फोन केला. नम्रता म्हणाली, किमया ताट घेऊन दारात बसली होती हो. मी डोक्याचं सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला काय सांगावं तर ते चूक कसं नाय तेवढंच तुम्ही सांगता. मग म्हणाली, जेवलात का? मी म्हणालो, करंज्या.

नोंद केली. पाडव्याला आला नाहीत: क्लोज्ड, वापरणाऱ्याच्या मशीनमध्ये तात्पुरता बिघाड. चूक कसं नाय तेवढंच सांगता: नॉट अ डिफेक्ट. कारण होतं म्हणून सांगितलं.

किमयाच्या ताटाचं काय करायचं ते समजलं नाही. ती तक्रार नम्रताची की किमयाची? किमया युझर म्हणून नोंदलेली नाही. ते राहू दिलं.

१९ नोव्हेंबर

साडी कपाटात ठेवली. डांबराच्या गोळ्यांचा वास लागू नये म्हणून कागदात गुंडाळली. किमया चौथीत आहे. काशीबाईला माहीत होतं.

२४ नोव्हेंबर, बुधवार

पेणला फोन. किमयाच्या शाळेचं गॅदरिंग अठरा डिसेंबरला आहे, ती नाचात आहे. नम्रता म्हणाली, या. बस, एवढंच. तक्रार नाही, रडारड नाही. मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, बघा.

कॉल फारच छोटा झाला. नासिरभाईनं पैसे घेताना म्हटलं, साहेब, आज तर मीटरनं पण श्वास घेतला नाय.

नोंद: गॅदरिंगला या. विचार केला तर हा डिफेक्टच नव्हे. ही नवीन मागणी आहे. एन्हान्समेंट. स्टेटस: क्लोज्ड, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. अर्थात मी जाणार आहे. पण पद्धत ती पद्धत.

१ डिसेंबर

दुसरा रिपोर्ट गेला. निल. हेड ऑफिसवाले खूश आहेत अशी बातमी अकाउंट्समधून आली. मुंबईला बढती मिळाली तर? नम्रताला मुंबई आवडणार नाही. पण तिनं नाही म्हटलं तर ती तक्रार, आणि तक्रार म्हटली की मार्ग निघतो.

६ डिसेंबर, सोमवार

ग्राफ काढला, ग्राफ पेपरवर, दोन रंगांत. पेण युनिट: ऑक्टोबरमध्ये तक्रारींचा डोंगर, नोव्हेंबरमध्ये उतार, डिसेंबर सपाट. दोन फोन झाले, दोन्हीत एकही नाही. मी विचारलंसुद्धा, काही अडचण? ती म्हणाली, नाय, सगळं ठीक.

टेस्टिंगचं पुस्तक म्हणतं, रेषा जमिनीला टेकली की माल तयार. आता फक्त जायचं, आणि त्यांना घेऊन यायचं. ग्राफ पलंगासमोर भिंतीवर लावला. उठल्या उठल्या दिसतो.

खोलीत आणखी एक खुर्ची हवी. किमया अभ्यास कुठे करेल? रविवारी सुतार बघतो.

१२ डिसेंबर, रविवार

सुतार नव्हता. खांब गावी लग्नाला गेला होता.

दिवसभर कुणाशी बोललो नाही हे संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना लक्षात आलं. आवाज बसलेला निघाला. तो म्हणाला, सर्दी झाली काय? मी हो म्हणालो.

१६ डिसेंबर, गुरुवार

लिहायचं नव्हतं. पण ही कुणाला दाखवायची नाही.

दुपारी वर्क्स मॅनेजर हैबतरावांनी केबिनमध्ये बोलावलं. बढतीच असणार म्हणून केस विंचरून गेलो. त्यांनी दार लावून घेतलं. हेड ऑफिसचा फॅक्स पुढे सरकवला. लिहिलं होतं: दोन महिन्यांच्या रिपोर्टनुसार पेण युनिटमध्ये सापडलेले सर्व डिफेक्ट शंभर टक्के क्लोज्ड, अभिनंदन. रोहा युनिटकडून मात्र एकही डिफेक्ट नोंदलेला दिसत नाही, ही गंभीर बाब आहे. रोह्यानं पेणचा आदर्श ठेवावा. जानेवारीत आमची टीम पेण युनिटला भेट देऊ इच्छिते.

हैबतराव म्हणाले, कमळाकर, पेणला आपलं युनिट कुठं हाय रे?

मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला आणि सोबत आलेले कागद वाचायला लागले. हळूहळू, चष्मा नाकावर ओढून. किमयाला ताप होता तेव्हा आला नाहीत, क्लोज्ड, ताप उतरला आहे. घरात असून नसल्यासारखे असता, माहिती आली नाही, क्लोज्ड. एक वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे. सगळे वाचले नाहीत. मध्येच थांबून कागद पालथे ठेवले.

मला वाटलं मेमो. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, आमची ही गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तुझी तर पेणला हाय. एसटी जाते की तिथं.

मी म्हणालो, साहेब, पण फिल्टरमध्ये काही चुकलेलं नाही. ते म्हणाले, चहा पी.

१७ डिसेंबर, शुक्रवार

तस्नीमला माझ्या मशीनवर बसवलं. तिनं तारखेचा फिल्टर काढून टाकला, दुसरं काही केलं नाही. स्क्रीन भरली. पान उलटलं, ते भरलेलं. पुढचंही. सगळे रोह्याचे, सगळे ओपन. तिच्या मशीनचं घड्याळ पुढे होतं, त्यामुळे प्रत्येक डिफेक्टवर साल पडलं होतं ००. माझा फिल्टर म्हणत होता ९९ पासून पुढचे दाखव. शून्य शून्य त्याला नव्व्याण्णवच्या मागचं वाटलं. दोन महिने तिनं टाकलेला प्रत्येक डिफेक्ट आत होता आणि मला एकही दिसला नाही. माझ्या मशीनचं घड्याळ बरोबर, म्हणून दिसलं फक्त पेण.

तस्नीम पान उलटत राहिली, मग माझं पेन टेबलावर ठेवलं.

चूक पॅकेजची आहे. साल दोन आकड्यांत ठेवणारं पॅकेज साल २०००ची परीक्षा घ्यायला पाठवतात. घड्याळ पुढे न्यायची माझी कल्पना बरोबरच होती, आणि आर्थिक वर्षाचा फिल्टरही बरोबर होता. दोन बरोबर गोष्टी एकमेकींना भेटल्या, त्याला मी काय करणार?

संध्याकाळी तिचा मेमो मागे घेतला. तिनं विचारलं, तोंडी की लेखी? लेखी दिला.

१८ डिसेंबर, शनिवार

किमयाचं गॅदरिंग. जाता आलं नाही. डिफेक्ट एवढे निघालेत की एकतीसपर्यंत रविवारसुद्धा नाही.

दुपारी चारला नाच असणार होता. चारला मी हजेरीचा प्रोग्रॅम चालवत होतो. साडेचारला वाटलं, झाला असेल. मग पुन्हा वाटलं, अशा कार्यक्रमांना उशीर होतो, अजून झाला नसेल. सहापर्यंत तसंच वाटत राहिलं.

बूथवर गेलो. नम्रताला सांगितलं, काम निघालं. आता ती बोलेल म्हणून तयार होतो, कारणंही ओळीनं लावली होती. ती म्हणाली, असू दे. मला वाटलं होतंच काम निघंल. किमया छान नाचली.

असू दे म्हणाली. समजूतदार आहे. तीन मिनिटंही झाली नाहीत. माझी कारणं तशीच राहिली.

१ जानेवारी २०००, शनिवार

काही झालं नाही. पगार चालतो, हजेरी चालते, स्टोअर चालतं. जे डिफेक्ट दुरुस्त करायचे राहिले होते त्यांनीही त्रास दिला नाही. हैबतराव म्हणाले, शाब्बास, आणि घरी गेले. तस्नीमनं घरून शीरखुर्मा आणला होता. म्हणाली, ईद अजून आठवडाभर लांब हाय सर, पण खा.

दोनदा मागून घेतला. शेवया गरम होत्या.

३ जानेवारी

नवीन वर्ष, नवीन संकल्प. जुनेच, पण पक्के. रविवारी पेण.

तयारी पूर्ण आहे. हेड ऑफिसच्या फॅक्सची झेरॉक्स मागून घेतली. हैबतराव नको म्हणत होते, पण दिली. हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. बाहेरच्या, तिऱ्हाईत माणसांनी, मुंबईत बसून, आमच्या संसाराचा रिपोर्ट तपासला आणि शंभर टक्के क्लोज्ड म्हटलं. त्यांना आम्ही कोण माहीतही नव्हतं. यापेक्षा निःपक्ष काय असतं? पेण युनिटच्या नोंदींचा प्रिंटही काढला. ती वाचेल, आधी चिडेल, मला बोलेल, मी एकेक मुद्दा घेईन. मग हसेल. मग निघू.

साडीही घेतो. सकाळची एसटी रिकामी असते. येताना तिघं.

९ जानेवारी २०००, रविवार

गेलो होतो.

कारखान्यात नम्रता मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत बसली होती. पूर्वी तिला हे येत नव्हतं. सासूबाई बायजाबाई म्हणाल्या, आता सगळा कारखाना हिचेच डोळे मागतो. जावईबापू, बसा. खुर्ची दिली. मी किमयाला शोधत होतो, ती मैत्रिणीकडे शेजारच्या जिते गावी गेली होती. मी येणार हे कळवलं नव्हतं. सरप्राइज.

साडी दिली. नम्रता म्हणाली, रंग छान हाय, आणि हात रंगाचे म्हणून आईकडे दिली.

मग फॅक्स दाखवला. समजावून सांगितलं. प्रिंट दिला. आता चिडेल म्हणून मी खुर्चीत सावरून बसलो. तिनं हात पुसले आणि सगळं वाचलं, पहिल्यापासून. वाचताना एकदा हसली. रागानं नाही. दुसऱ्या कुणाची गंमत वाचावी तशी. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, हे मी बोलले होते? घरात असून नसल्यासारखे? मी म्हणालो, हो, मेमध्ये, आणि त्याआधीही. ती म्हणाली, असेल. तुम्ही किती लक्षात ठेवलंत.

मी म्हणालो, आता काही राहिलंय का ते सांग, आपण एकेक घेऊ. ती म्हणाली, नाय हो, माझी काय तक्रार नाय.

हेच ऐकायला मी आलो होतो. हाच आकडा मी भिंतीवर लावला होता. आणि तिनं तो तोंडानं म्हटल्यावर मीच तक्रारी काढायला लागलो. मी म्हणालो, पाडव्याला आलो नाही. ती म्हणाली, असू दे. गॅदरिंगला आलो नाही. असू दे, किमयाची मावशी आली होती. मी म्हणालो, आत्ता येतानासुद्धा कळवलं नाही. ती म्हणाली, त्यात काय, तुम्ही कधीही या.

मी म्हणालो, नम्रता, एक तरी सांग. कुठलीही. मी कारण देणार नाही.

ती विचार करायला लागली. मला बरं वाटावं म्हणून नाही, खरंच विचार करत होती, ब्रश हातात धरून, मूर्तीकडे बघत. मग म्हणाली, नाय आठवत.

परत चला असं मी म्हणालोच नाही. त्या घरात तो विषय काढायला जागाच नव्हती. ती मला टाळत नव्हती, रागावली नव्हती, तिचं माझ्याकडे काही मागणंच उरलं नव्हतं.

निघताना म्हणाली, जेवून जाताय का? मी म्हणालो, नको, एसटी चुकेल. पूर्वी मी नको म्हटलं की ती ताट वाढूनच विचारायची. आज म्हणाली, बरं, सावकाश जा.

स्टँडवर रडलो. एसटी यायला अजून खूप वेळ होता.